उजेडात कठीण होणारा स्फटिक

पदार्थांच्या गुणधर्मांचा कोणताही तक्ता उघडला की त्यात काठिण्याचा एक रकाना असतो. मोजमाप किती तापमानाला केले, हे कधी कधी तळटीपेत सापडते. भार किती होता हे त्याहून क्वचित. मोजताना दिवा चालू होता की बंद, हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही. लोखंड, तांबे, काच यांच्या बाबतीत ते लिहायचे कारणही नाही. पण काही स्फटिकांपुढे हा प्रश्न टाळता येत नाही, आणि सी-६० या कार्बनच्या रेणूपासून बनलेला फुलरिनचा स्फटिक त्यांतला सर्वांत बोलका आहे. अंधारात वाढवलेला आणि अंधारातच जपलेला असा स्फटिक मोजला तर एक आकडा मिळतो. हवा वगळून त्याच स्फटिकावर काही काळ निळा-हिरवा प्रकाश टाकला आणि पुन्हा मोजले तर आकडा वाढलेला असतो. भार तोच, तापमान तेच, माणूसही तोच. या दोन आकड्यांमध्ये नेमके काय घडले, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय चिमुकला वाटेल. पण हिऱ्याच्या टोकाने पाडलेल्या त्या सूक्ष्म खळग्यापाशी रसायनशास्त्र, स्फटिकविज्ञान, अर्धवाहकांचे भौतिकशास्त्र आणि यांत्रिकी अशा चार शाखा येऊन भिडतात, आणि प्रत्येकीला आपलेच उत्तर पुरेसे वाटते. नव्या वाचकाची पहिली अडचण इथेच होते. तो रसायनाच्या बाजूने शिरला तर त्याला वाटते की सगळे बंधांचे काम आहे. भौतिकीच्या बाजूने शिरला तर सगळे इलेक्ट्रॉनांचे वाटते. म्हणून आधी या प्रदेशाचा नकाशा.

१९८५ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात हॅरी क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह ग्रॅफाइटवर लेसर मारून कार्बनची वाफ तयार केली. त्या वाफेत साठ अणूंचा समूह इतर सर्वांहून ठळकपणे उठून दिसला. क्रोटो ससेक्सहून तिथे गेले होते ते ताऱ्यांभोवतीच्या कार्बनच्या साखळ्यांचे कोडे घेऊन. हाती आला तो बंदिस्त पिंजऱ्यासारखा रेणू. बारा पंचकोन, वीस षट्कोन, साठ कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्यावर कार्बनचा एक अणू. भूमितीय घुमट बांधणारे बकमिन्स्टर फुलर यांचे नाव त्याला मिळाले आणि १९९६चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. असा रेणू असू शकेल, असे जपानच्या एइजी ओसावा यांनी १९७० सालीच लिहून ठेवले होते, पण ते जपानी भाषेत होते आणि बाहेर फारसे कोणी वाचले नाही.

काठिण्याचा अभ्यास करणाऱ्यासाठी मात्र १९८५ हे साल तितकेसे महत्त्वाचे नाही. वाफेतल्या रेणूला काठिण्य नसते. खरे दार उघडले ते १९९० साली. हायडेलबर्गचे वोल्फगांग क्रेचमर आणि अ‍ॅरिझोनाचे डोनाल्ड हफमन यांच्या गटाने हेलियम वायूत ग्रॅफाइटच्या कांड्यांची वाफ करून काजळी गोळा केली, ती बेंझिनमध्ये विरघळवली आणि लालसर द्रावणातून फुलरिनचे स्फटिक बाहेर काढले. रेणू प्रथमच चिमटीत धरता येईल इतका जमला. पुढे काही वर्षांतच निर्वात क्वार्ट्झ नळीत, एका टोकाला अधिक आणि दुसऱ्या टोकाला कमी तापमान ठेवून, वाफेतून मिलिमीटरच्या मापाचे स्वच्छ चकचकीत स्फटिक वाढवण्याची रीत रुळली. द्रावणातून काढलेल्या स्फटिकात द्रावक अडकून राहतो आणि त्याचे काठिण्य विश्वासाचे नसते. म्हणून या क्षेत्रातले गंभीर काम जवळजवळ सगळे वाफेतून वाढवलेल्या स्फटिकांवर झाले आहे.

या स्फटिकाची घडण समजली की निम्मी वाट सरते. प्रत्येक रेणू सुमारे सात अँगस्ट्रॉम व्यासाचा. खोलीच्या तापमानाला रेणू फलककेंद्री घनाकृती जाळीत बसलेले असतात आणि शेजारच्या दोन केंद्रांतले अंतर सुमारे दहा अँगस्ट्रॉम भरते. रेणूच्या आत कार्बन-कार्बन सहसंयुज बंध आहेत, अतिशय बळकट. पण एका रेणूला दुसऱ्याशी धरून ठेवणारे बल व्हॅन डर वाल्स प्रकारचे, म्हणजे दुबळे. त्यामुळे ज्या कार्बनपासून हिरा बनतो त्याच कार्बनचा हा स्फटिक काठिण्यात सैंधवाच्या खड्याच्या आसपास राहतो, हिऱ्याच्या शेकडो पट खाली. पदार्थ कोणत्या अणूंचा आहे यावरून त्याचे काठिण्य ओळखू पाहणाऱ्याला ही पहिली चपराक. शिवाय हे रेणू जाळीत आपापल्या जागी असले तरी स्थिर नसतात. खोलीच्या तापमानाला ते गरागरा फिरत असतात. तापमान सुमारे २६० केल्विनच्या खाली नेले की हे मुक्त फिरणे थांबते आणि रेणू ठरावीक दिशांना तोंड करून बसतात. आणखी खाली, ९० केल्विनच्या आसपास, तेही गोठते. २६० हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा. पुढचा बराचसा वाद याच आकड्याभोवती फिरतो.

आता काठिण्य. स्फटिकावर टोक दाबले की त्यातले थर एकमेकांवरून घसरतात. पण अख्खा थर एकदम घसरत नाही. जाळीतला एक रेषेसारखा दोष, ज्याला डिस्लोकेशन म्हणतात, तो पुढे सरकतो आणि त्याच्या मागे थर एक पाऊल हललेला असतो. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली आणि धातू आपल्या गणितापेक्षा इतके मऊ का निघतात, याचा उलगडा झाला. तेव्हापासून काठिण्याचा प्रश्न म्हणजे बहुतांशी डिस्लोकेशन किती सहज सरकते याचा प्रश्न झाला आहे. फुलरिनमध्ये ती रेणूंच्या सर्वांत दाट पातळ्यांवरून सरकतात, आणि दुबळ्या बलांमुळे सहज सरकतात. तेव्हा उजेडाने काठिण्य वाढत असेल तर उजेड डिस्लोकेशनची वाट अडवत असला पाहिजे. कशाने अडवतो, यावर घराणी वेगळी होतात.

पहिले घराणे फुलरिनहून जुने आहे. १९५७ साली कुचिन्स्की आणि हॉकमन यांनी जर्मेनियमवर प्रकाश टाकून दाखवले की अर्धवाहकाचा पृष्ठभाग उजेडात मऊ होतो. त्यानंतर १९६८ साली सोव्हिएत संघात युरी ओसिपियान आणि सावचेन्को यांना कॅडमियम सल्फाइडमध्ये नेमके उलटे सापडले. स्फटिक दाबत असताना दिवा लावला की त्याला वाकवायला अधिक बल लागू लागले; दिवा मालवला की बल पुन्हा उतरले. याला फोटोप्लास्टिक परिणाम म्हणतात. मॉस्कोजवळच्या चेर्नोगोलोव्का इथल्या घनभौतिकी संस्थेत ओसिपियान यांच्याभोवती या विषयाची मोठी परंपरा उभी राहिली. तिचे म्हणणे थोडक्यात असे: या स्फटिकांत डिस्लोकेशनवर विद्युतभार असतो. प्रकाशाने इलेक्ट्रॉन मोकळे झाले की डिस्लोकेशनवरचा आणि त्याच्या वाटेतल्या दोषांवरचा भार बदलतो, ओढाताण बदलते, आणि सरकणे अवघड होते. यात कोणताही नवा रासायनिक बंध तयार होत नाही. म्हणूनच दिवा गेला की परिणामही जातो.

दुसरे घराणे १९९३चे. केंटकी विद्यापीठात पीटर एक्लंड, ए. एम. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुलरिनच्या पातळ थरावर ऑक्सिजन वगळून दृश्य आणि अतिनील प्रकाश टाकला. आधी टोल्यूइनमध्ये सहज विरघळणारा थर नंतर विरघळेना. रामन वर्णपटात १४६९ या तरंगसंख्येपाशी असणारी फुलरिनची ओळखीची रेषा सुमारे दहा एककांनी खाली घसरली. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की शेजारच्या दोन रेणूंमधले दुहेरी बंध समोरासमोर येऊन उघडतात, चार कार्बन अणूंचे एक छोटे चौकोनी कडे तयार होते आणि दोन पिंजरे सहसंयुज बंधांनी जोडले जातात. दातांचे डॉक्टर भरणावर निळा दिवा धरतात तेव्हा तिथेही प्रकाशाने पॉलिमरच बनतो. फरक इतकाच की फुलरिनमध्ये हे स्फटिकाच्या शिस्तीत, रेणू जागा न सोडता घडते. त्यासाठी दुहेरी बंध समांतर आणि पुरेसे जवळ यावे लागतात, आणि ते येतात रेणू फिरत असल्यामुळे. म्हणून २६० केल्विनच्या खाली, फिरणे थांबल्यावर, हे पॉलिमरीकरण होत नाही. उलट बाजूला, स्फटिक सुमारे दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की बंध तुटून पुन्हा सुटे रेणू मिळतात.

या घराण्याच्या हिशेबाने काठिण्य वाढणे अगदी स्वाभाविक ठरते. दुबळ्या बलांनी धरलेल्या दोन थरांमध्ये जागोजागी बळकट टाके पडले तर डिस्लोकेशनला प्रत्येक टाका तोडावा लागेल किंवा वळसा घालावा लागेल. टाके फार लागत नाहीत. धातूशास्त्रात थोड्याशा मिश्रणाने मऊ धातू कठीण होतो, हे आपल्याला परिचित आहे. इथे मिश्रण बाहेरून येत नाही, आतलेच रेणू जोड्या जमवतात.

तिसऱ्या गटाला घराणे म्हणावे की नाही याबद्दल मला शंका आहे, पण या पुस्तकाचा कणा तोच आहे. लाटव्हिया, जपानमधील योकोहामा आणि युक्रेनमधील खार्किव्ह इथल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात प्रत्यक्ष फुलरिनच्या स्फटिकांवर हिऱ्याचे टोक दाबले, खळगे मोजले आणि खळग्याभोवती डिस्लोकेशन कुठवर पसरली ते पाहिले. उजेड दाखवलेल्या स्फटिकात काठिण्य वाढते आणि डिस्लोकेशनची धाव आखूड होते, या दोन्ही गोष्टी अशा कामातून पुढे आल्या. सिद्धांताचा झगडा लढणाऱ्यांपेक्षा या मंडळींची नावे कमी घेतली जातात. माझ्या मते विषय त्यांनी उभा केला.

मग खरे कोण? दिवा बंद केल्यावर काय होते, ही पहिली आणि सर्वांत स्वस्त कसोटी. परिणाम लगेच ओसरला तर तो विद्युतभारांचा. टिकून राहिला आणि तापवल्यावरच गेला तर बंधांचा. दुसरी कसोटी तापमानाची. २६० केल्विनच्या खाली उजेड टाकूनही काठिण्य वाढत असेल तर पॉलिमरीकरणाला श्रेय देता येणार नाही. तिसरी वर्णपटाची: काठिण्य वाढले त्याच जागी रामन रेषा सरकली आहे का, हे पाहायचे. या तिन्ही कसोट्या एकाच स्फटिकावर, एकाच बैठकीत लावणे सोपे नाही, आणि उपलब्ध कामांतल्या पुष्कळशा मतभेदांचे मूळ त्यात आहे. माझा कल स्पष्ट सांगतो. फुलरिनमधले टिकाऊ काठिण्य पॉलिमरीकरणाचे आहे, याबद्दल शंका घ्यायला आता फारसा वाव नाही. पण तेवढ्यावर फाइल बंद करणे घाईचे होईल. ओसिपियान आणि तांबोवचे युरी गोलोविन यांच्या गटाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस दाखवले की चुंबकीय क्षेत्राच्या स्पंदानेही फुलरिनचे सूक्ष्मकाठिण्य बदलते. तशा क्षेत्राची ऊर्जा खोलीतल्या उष्णतेच्या थरथरीपुढे नगण्य असते. ती बंध तोडू शकत नाही. फार तर इलेक्ट्रॉनांच्या फिरकीची जुळणी बदलून एखाद्या प्रक्रियेला वाट मोकळी करू शकते. निव्वळ टाक्यांच्या चित्रात याला जागा नाही.

इथे ऑक्सिजनविषयी बोलावे लागते, कारण या क्षेत्रात त्याच्याइतका घोटाळा कोणी केलेला नाही. प्रकाश शोषलेला फुलरिनचा रेणू जवळजवळ नेहमी त्रिक अवस्थेत जातो आणि तिथे बराच वेळ टिकतो. शेजाऱ्याशी जुळायला त्याला मिळणारी सवड हीच. हवेतला ऑक्सिजन ती अवस्था विझवतो, ऊर्जा काढून घेतो आणि पॉलिमरीकरण रोखतो. तेवढ्यावर थांबत नाही. रेणूंमधल्या पोकळ्या ऑक्सिजनला सामावण्याइतक्या मोठ्या असल्यामुळे तो खोलीच्या तापमानालाही स्फटिकात शिरत जातो, आणि उजेडात पृष्ठभागावर त्याची स्वतःची रसायने सुरू होतात. टेबलावर उघड्यावर पडून राहिलेला स्फटिक त्यामुळे ‘मूळ’ स्फटिक राहतच नाही. त्याचे काठिण्य वाढलेले दिसले तरी ते कोणत्या कारणाने, हे नंतर सांगता येत नाही. जुने निबंध वाचताना नमुना कुठे ठेवला होता हे वाक्य आधी शोधावे. ते नसेल तर आकड्यावर फार भरवसा ठेवू नये.

दुसरा घोटाळा खोलीचा. व्हिकर्स पद्धतीत समोरासमोरच्या पैलूंमध्ये १३६ अंशांचा कोन असलेला हिऱ्याचा पिरॅमिड दाबतात. खळग्याची खोली त्याच्या कर्णाच्या साधारण एक-सप्तमांश असते. कर्ण सात मायक्रॉन तर खोली एक मायक्रॉन, आणि ज्या भागात डिस्लोकेशन हलतात तो त्याहून कितीतरी खोल. इकडे निळा-हिरवा प्रकाश फुलरिनमध्ये मायक्रॉनच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी, शिरतो. अतिनील तर त्याच्या काही अंशापर्यंतच. म्हणजे भार जरा जास्त घेतला की टोक कठीण साल फोडून खालच्या मऊ गाभ्यात जाते, आणि मिळणारा आकडा ना सालीचा ना गाभ्याचा. त्यात पॉलिमर बनताना केंद्रांतले अंतर दहा अँगस्ट्रॉमवरून नऊच्या थोडे वर येते. साल आक्रसते, गाभा तसाच राहतो आणि मध्ये ताण साठतो. ‘उजेडाने काठिण्य इतके टक्के वाढले’ असे वाक्य भार आणि तरंगलांबी सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. या पुस्तकात अशी वाक्ये टाळली आहेत, आणि मूळ निबंधात भार दिलेला नसेल तर तो आकडाच घेतलेला नाही. त्यामुळे काही प्रसिद्ध आकडे इथे दिसणार नाहीत.

दाबाने बनवलेल्या फुलरिनच्या पॉलिमरांना, त्यातही हिऱ्याहून कठीण असल्याचा दावा असलेल्या पदार्थांना, पुस्तकात अगदी थोडी जागा आहे. तो वेगळा आणि जास्त गाजलेला संसार आहे. मापनाच्या टोकापेक्षा नमुना कठीण असेल तर काठिण्य म्हणजे काय मोजले, हा प्रश्न तिथे आधी सोडवावा लागतो, आणि तो समाधानकारक सुटला आहे असे मला वाटत नाही.

आज या विषयाकडे का वळावे? एक कारण व्यवहाराचे. फुलरिन आणि त्याची संयुगे सेंद्रिय सौरघटांत इलेक्ट्रॉन स्वीकारण्याचे काम करतात, आणि सौरघट उन्हातच असतो. उजेडात त्या रेणूंच्या जोड्या जमतात आणि त्याचा घटाच्या स्थैर्यावर परिणाम होतो, हे आता प्रस्थापित झाले आहे. लवचीक पत्र्यावर असा थर द्यायचा तर उजेडाने त्याची यांत्रिक प्रकृती कशी बदलते हे माहीत हवे. दुसरे कारण २०१८चे. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की खोलीतल्या उजेडात ठिसूळपणे फुटणारा झिंक सल्फाइडचा स्फटिक संपूर्ण अंधारात दाबला तर न फुटता सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत आकार बदलतो. ज्या पदार्थाला पिढ्यान्‌पिढ्या ठिसूळ म्हटले गेले त्याचा ठिसूळपणा काही अंशी दिव्याचा होता. पन्नास वर्षांपूर्वीचे चेर्नोगोलोव्काचे निबंध त्यानंतर पुन्हा उघडले गेले. आणि २०२२ साली फुलरिनचे पिंजरे सहसंयुज बंधांनी जोडून एकाच रेणूइतक्या जाडीचा सपाट पत्रा तयार झाल्यावर, पिंजऱ्यांमधले बंध हा विषय कार्बनच्या अभ्यासात पुन्हा ऐरणीवर आला.

हे पुस्तक पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि विज्ञानाची गोडी असलेल्या जाणत्या वाचकांसाठी लिहिले आहे. सगळ्या प्रकाशसंवेदी पदार्थांची जंत्री देण्याऐवजी एकच स्फटिक घेऊन शेवटपर्यंत जावे, हा निर्णय मी जाणीवपूर्वक घेतला. कॅडमियम सल्फाइड, जर्मेनियम, झिंक सल्फाइड हे तुलनेपुरते येतात. प्रत्येक प्रयोगाचे वर्णन नमुना कसा वाढवला, कुठे ठेवला, कोणत्या प्रकाशात आणि किती भाराने मोजला, या क्रमाने केले आहे, निष्कर्ष त्यानंतर. हे वाचायला थोडे संथ वाटेल. गणित मुख्य मजकुरात कमीत कमी आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी डिस्लोकेशनच्या बलांचा भाग गाळला तरी पुढचे अडणार नाही. स्फटिकविज्ञानाची ओळख नसलेल्यांनी मात्र सुरुवातीचा जाळीविषयीचा भाग गाळू नये.

महाविद्यालयीन शिक्षकांना एक विनंती. फुलरिनची पूड विकत मिळते आणि निर्वात बाष्पीभवनाचे यंत्र असलेल्या विभागात काचेवर तिचा पातळ थर देता येतो. अर्धा थर झाकून, नायट्रोजनखाली किंवा निर्वातात, उरलेल्या अर्ध्यावर प्रकाश टाका आणि मग वायुवीजन असलेल्या कपाटात तो टोल्यूइनने धुवा. झाकलेला भाग धुऊन जाईल, उघडा राहील. त्यानंतर हाच प्रयोग नायट्रोजन न वापरता, उघड्या हवेत करायला विद्यार्थ्यांना सांगा, आणि दोन्ही काचा शेजारी ठेवून फरकाचे कारण त्यांच्याकडूनच काढून घ्या.